शाळेची पायरी आणि आपला समाज : पूर्वेतिहास व कर्तव्य

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या गौरवाचे लेख यावेत, हे योग्यच होय. संतश्रेष्ठ सेना महाराजांची भक्ती, प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महाला यांनी दाखविलेले प्रसंगावधान, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराजांना वाट मिळावी म्हणून शिवा काशीद यांनी पत्करलेले मरण, यांचे स्मरण दरवर्षी केले तरी ते शिळे होत नाही. शिवनेरीच्या छायेत नांदणाऱ्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नाभिक कुटुंबांना तर हा वारसा विशेष जवळचा आहे. परंतु अभिमान जागविणे एवढेच इतिहासाचे कार्य नव्हे. जे प्रश्न आज आपल्या उंबरठ्यावर उभे आहेत, त्यांची मुळे कोठे आहेत आणि ते पूर्वी कोणी कसे सोडविले, हेही इतिहासालाच विचारावे लागते. तसा एक प्रश्न या लेखात विचारार्थ घेतला आहे. तो म्हणजे जातीवरून, धंद्यावरून, बोलीवरून अथवा वस्तीवरून शाळेत मुलांची होणारी चेष्टा व छळ.

हा विषय किरकोळ आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. पोरे एकमेकांना चिडवायचीच, त्यात मोठ्यांनी कशाला पडावे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु चिडवण्या-चिडवण्यात अंतर आहे. एखाद्याला लंबू म्हटले, एखादीला चष्मेवाली म्हटले, तर दोन दिवस राग येतो आणि मग ते विसरले जाते. जातीवरून झालेली चेष्टा केवळ त्या मुलापुरती राहत नाही. त्याचे आईबाप, त्याचे घर, बापाच्या हातातील हत्यार, या साऱ्यांचा तीत एकदम अपमान असतो. आणि यांपैकी एकही गोष्ट बदलणे मुलाच्या हाती नसते. ‘बिनपाण्याने हजामत केली’ हा वाक्प्रचार मराठीत सर्रास चालतो. वर्गात तो उच्चारला गेला आणि चाळीस डोळे एकाच बाकाकडे वळले, म्हणजे त्या बाकावरच्या मुलास काय वाटते, हे आपल्यापैकी अनेक घरांना सांगावयास नको. ज्या धोपटीवर घर चालले, तीच धोपटी लपवावीशी वाटणे, याहून मोठे शिक्षणाचे अपयश ते कोणते?

या प्रकाराची सुरुवात मुलांनी केलेली नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. इ. स. १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार विद्यार्थ्याने अर्ज केला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. शाळा सरकारी खर्चाने चालणारी होती, मुलगा शिकण्यास उत्सुक होता. तरीही त्यास प्रवेश नाकारण्यात आला. एकट्या मुलाला घेतले तर इतर सर्व मुले शाळा सोडतील, ही भीती त्या निर्णयामागे होती. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये कंपनी सरकारच्या विलायतेतील संचालकांनी स्पष्ट केले की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्णांच्या प्रजेस सारख्याच खुल्या असल्या पाहिजेत. तत्त्व मान्य झाले. व्यवहार मात्र बदलला नाही. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, त्या धारवाडच्या शाळेतील मुलांना त्यांचे मत कोणी विचारलेच नव्हते. नकार दिला तो मोठ्यांनी, मुलांच्या नावावर.

त्याच सुमारास आपल्या पुणे शहरात याच्या उलट घडत होते. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या वयात इतरत्र तिच्या बरोबरीच्या मुलांना शाळेची पायरी चढणेही अशक्य होते, त्या वयात ती मुलगी समाजास जाब विचारू लागली. मुले तीच, शहर तेच. भेद एवढाच की येथे शिक्षकाने मुलाला मान दिला होता. पुढे १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ज्यांना शाळेत घेतले त्यांना घरी पाणीही दिले, म्हणून त्यांच्या शिकवणुकीला वजन आले.

आता या इतिहासातील एका अशा पानाकडे वळू, ज्याचा संबंध थेट आपल्या व्यवसायाशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्र शासनातर्फे हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणांत आपल्या बालपणीची हकीकत नमूद करून ठेविली आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयास गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे आणि संध्याकाळी तो परत न्यावा लागे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाची तोटी शिपायाने सोडावी लागे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेच राहावे लागे. याच ठिकाणी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. साताऱ्यात नाभिक नव्हते असे नाही, आणि घरी पैसे नव्हते असेही नाही. तरी या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. कारण एकही कारागीर त्या मुलांच्या डोक्याला हात लावावयास तयार नव्हता.

हे वाचताना आपली मान खाली जाते. परंतु हे पान स्मरणिकेतून गाळून चालणार नाही, कारण आजच्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. गावगाड्यात आपण बलुतेदार होतो. वरच्या पायरीवरील लोक आपणांस हलके लेखीत, आणि खालच्या पायरीवरील लेकरांना आपण दूर ठेवीत होतो. वरून मिळालेला अपमान खाली देऊन टाकावयाचा, हीच त्या व्यवस्थेची रीत होती. त्या रीतीला बळी पडलेला आपला कारागीर स्वभावाने दुष्ट होता असे नव्हे. त्या मुलाचे केस कापले तर उद्या बाकीचे गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती त्याच्याही पाठीशी होतीच. धारवाडच्या शाळेला जी भीती, तीच साताऱ्याच्या दुकानाला. भीतीचे हे कारण समजून घेता येते. परंतु कारण समजले म्हणून त्या मुलाच्या मनावरचा घाव लहान होत नाही.

आणि ही भीती मोडता येते, याचा पुरावाही आपल्याच ज्ञातीने त्याच्या दहा वर्षे आधी दिला होता. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या केशवपनास आम्ही आमचा वस्तरा लावणार नाही, असा निर्धार तेथे झाला. या चळवळीमागे कामगारांचे पुढारी व जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे होते. त्यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. धर्माच्या व रूढीच्या नावाखाली कोवळ्या मुलींच्या डोक्यावर जो अत्याचार चालला होता, त्यात भागीदार होण्याचे आपल्या कारागिरांनी नाकारले. त्यांचेही गिऱ्हाईक तुटण्याचा संभव होता. तरीही ते डगमगले नाहीत, कारण ते एकत्र होते. एका हातातील वस्तऱ्याने विधवेस न्याय दिला, आणि त्याच व्यवसायातील दुसऱ्या हाताने साताऱ्याच्या बालकास नाकारले. हत्यार तेच होते. एके ठिकाणी समाजाने मिळून विचार केला होता, दुसरीकडे प्रत्येकजण एकटा राहून शेजाऱ्याकडे पाहत होता.

याच साताऱ्यात पुढे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे मुलांनी पाणी भरावयाचे, भाकरी भाजावयाच्या आणि एका पंक्तीस जेवावयाचे. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. ज्या गावात एक मुलगा गोणपाट काखेत घेऊन शाळेत जात होता, त्याच गावात चोवीस वर्षांनी नाना जातींची मुले एका चुलीभोवती बसली. या अवधीत साताऱ्याच्या मुलांचे रक्त बदलले नव्हते. बदलली होती ती मोठ्यांनी केलेली मांडणी : बसण्याची, पाण्याची व जेवणाची. याच रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आज मंचरला उभे आहे. तेथे शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी त्या साताऱ्याच्या चुलीचे ऋण विसरू नये.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादुर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा यांबरोबरच सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हाही गुन्हा ठरविला, आणि त्यामुळे साताऱ्यातील त्या दुकानासारखा नकार दंडनीय झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास तसेच त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मूल आपला पत्ता सांगते तेव्हा त्याची जात आपोआप उघड होऊ नये, हा त्याचा एक मोठा लाभ होय.

परंतु कायदा शाळेचे दार उघडतो. मधल्या सुट्टीत मैदानावर काय बोलले जाते, तेथवर त्याचे हात पोहोचत नाहीत. तेथे कोणाचे हात पोहोचतात, हे दोन परदेशी उदाहरणांवरून चांगले कळते. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अमेरिकेतील राइसव्हिल या लहान गावात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटास श्रेष्ठ म्हणून वागविले. कालपर्यंत एकत्र खेळणारी मुले त्याच दिवशी दुसऱ्या गटास हिणवू लागली. दुसऱ्या खेपेस तिने क्रम उलटा केला. शिक्षकाच्या एका शब्दाने भेद एका दिवसात निर्माण होतो, हे त्यातून दिसले. तो कमी कसा होतो, हे नॉर्वेने दाखविले. तेथे १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी सोबत्यांच्या छळाला कंटाळून जीव दिल्याचे समजले आणि देश हादरला. पुढील वर्षापासून डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बर्गन शहरातील ४२ शाळांत उपाय योजण्यात आले. सुट्टीत शिक्षकांनी मैदानावर लक्ष ठेवावे, छळाविरुद्धचे नियम वर्गात सर्वांदेखत ठरावेत, आणि घडल्या प्रकाराबद्दल दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलावे, असे ते साधे उपाय होते. सुमारे दोन वर्षांत तेथील छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. कर्मवीरांनी साताऱ्यात जे ओळखले होते, तेच बर्गनमध्ये आकड्यांनी सिद्ध झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू. येथील शाळांत आज किती प्रकारची लेकरे एकत्र येतात! पश्चिमेच्या डोंगरखोऱ्यांतून महादेव कोळी, ठाकर व कातकरी मुले आश्रमशाळांतून व वसतिगृहांतून शिकतात. त्यांची बोली निराळी म्हणून त्यांना रानटी म्हणणाऱ्यास, सावकारशाहीविरुद्ध १८७० च्या दशकात बंड उभारणारे होनाजी केंगले हे आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचे होते, हे ठाऊक नसते. निवृत्तीनगर व पारगाव येथील साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले कोपीत राहतात. काही महिन्यांपुरती शाळेत येणारी ही मुले तर कोणाचीच नसतात. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेथील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ व १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाले. तरी फडावरच्या कलावंतांच्या मुलांना ढोलकीचे बोल काढून चिडविण्याची खोड सुटावयाची आहे. आणि या सर्वांत आपलीही मुले आहेत. त्यांना कोणी धंद्यावरून बोलले की आपल्या जिवाची तगमग होते. पण तेच मूल कोपीतून आलेल्या मुलास काय म्हणते, हे आपण कधी विचारले आहे काय?

या ठिकाणी आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाचे स्मरण मार्गदर्शक ठरेल. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच वीर भाई कोतवाल, वकील झाले. शिकून मोठे झाल्यावर पांढरपेशा जगात आपली जात विसरून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी कर्जत भागातील शेतकरी व आदिवासी यांच्यासाठी शाळा काढल्या, धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. सिद्धगड म्हणजे आपल्या भीमाशंकरच्या डोंगररांगेचाच कोकणाकडील भाग. मिळालेला अपमान खाली ढकलण्याची जी जुनी रीत, तिच्या नेमके उलट भाईंनी केले : स्वतः चढलेली पायरी त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी मोकळी केली.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट घरातील. कोणत्याही जातीचे नाव शिवीसारखे वापरावयाचे नाही, आणि मुलांदेखत तर नाहीच. मूल शाळेतून जे शब्द घेऊन येते, त्यांहून अधिक शब्द ते घरून घेऊन जाते. मूल चिडवले गेल्याचे सांगत आले, तर ‘तूही दे ठेवून’ किंवा ‘लक्ष देऊ नको’ एवढ्यावर भागवू नये. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे, दिवस व प्रसंग लिहून ठेवावा आणि मुख्याध्यापकांना भेटावे. आपल्या मुलाने दुसऱ्यास चिडविल्याची तक्रार आली, तर तेवढ्याच तत्परतेने जावे.

दुसरी गोष्ट शाळेतील. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. या समित्यांच्या निवडीच्या दिवशी आपण दुकान बंद ठेवून जातो काय? तेथे बसून काही साधे नियम मान्य करून घेता येतील. शिष्यवृत्तीची माहिती गोळा करताना जातवार मुलांना वर्गात उभे करू नये. ती माहिती पालकांकडून खाजगीत घ्यावी. बाकांवरील जागा ठराविक दिवसांनी बदलाव्यात. मधल्या सुट्टीत पाण्यापाशी व मैदानावर एक शिक्षक असावा. दुरून आलेल्या मुलास सोबती नेमून द्यावा. प्रकरण गंभीर असेल आणि कोणी ऐकत नसेल, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, हे प्रत्येक घरी ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट मात्र आपल्यावाचून दुसऱ्या कोणास करता येणार नाही. आपले दुकान म्हणजे गावाची चावडीच. आपला क्रमांक येईपर्यंत बाकावर बसलेली शाळकरी मुले तेथे मोठ्यांचे बोलणे कान देऊन ऐकत असतात. कोणाच्या जातीवरून विनोद निघाला, त्यास हशा मिळाला, की तो विनोद दुसऱ्या दिवशी वर्गात पोहोचतो. तो तेथेच थांबविण्याचा अधिकार खुर्चीमागे उभ्या असलेल्या कारागिराचा आहे. ‘आमच्या दुकानात हे नको’ एवढे चार शब्द पुरेत. एकट्याने म्हटले तर गिऱ्हाईक रागावेल, ही भीती रास्त आहे. म्हणून मंडळाच्या वार्षिक सभेत तसा ठराव करून जुन्नरपासून घोडेगावपर्यंत आणि ओतूरपासून मंचरपर्यंत सर्व दुकानांनी तो एकाच दिवशी अमलात आणावा, अशी नम्र सूचना या लेखाद्वारे करावीशी वाटते. १८९० च्या मुंबईच्या सभेने हाच मार्ग दाखविला आहे.

साताऱ्याच्या त्या बालकाचे केस कापावयास त्या दिवशी एकही हात पुढे आला नाही. तो दिवस आता परत आणता येत नाही. परंतु आपल्या दुकानाच्या बाकावर, आपल्या मुलाच्या वर्गात, कोणा ना कोणा घरचे असे एक मूल आज बसलेले आहे. त्याला मानाने वागविले जावे, ही व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. आपल्या मुलाला जो मान मिळावा असे वाटते, तो त्या मुलाला प्रथम देऊ. सेना महाराजांच्या पुण्यतिथीस एकत्र जमणाऱ्या समाजाला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.